आवाज कमी केलेलं घर

सासऱ्यांना लकवा झाला आणि आमच्या स्वयंपाकघरात किती वस्तू ओरडतात हे मला पहिल्यांदा कळलं. तोवर मी त्याच गोंगाटात भाकरी थापत होते, डबे भरत होते आणि परंड्यातल्या शाळेत जाऊन मुलांना ध्वनीचा धडा शिकवत होते. वस्तू थरथरली की आवाज होतो, हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. पण आपल्याच घरातला फ्रिज भिंतीला टेकून का गुरगुरतो, हे बघायला मी कधी वाकले नव्हते. काखेत कळसा असतो तो असा.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्याकडं तीच रीत. मामा एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म गाडीच्या घरघरीत गेल्यामुळं घरातही ते मागच्या बाकड्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलायचे. त्यांनी चहा मागितला की शेजारणीनंही आधण ठेवावं, असा तो आवाज. मी लग्न होऊन आले तेव्हा जेवताना ते माझ्यावर चिडलेत असं वाटून मला रडू आलं होतं. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "चिडलं न्हाईत गं. मीठ मागत्यात."

तोच आवाज एका सकाळी गेला. डावा हात, डावा पाय आणि अर्धं तोंड. बार्शीच्या दवाखान्यात राहून ते घरी आले तेव्हा तोंडाची डावी बाजू ओघळलेली होती आणि बोलायला लागले की नुसती हवा आणि लाळ बाहेर यायची. मधूनच एखादं अक्षर सुटायचं, पण त्याला पुढचं-मागचं काही नसायचं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, यांना आवाज सहन होणार नाही, घर जेवढं शांत ठेवाल तेवढं बरं. आणि अन्न अगदी लोण्यासारखं बारीक करून द्या, एक कणी जरी श्वासात गेली तरी छातीत बिघाड होईल. दोन्ही सूचना त्यांनी एका दमात दिल्या. अन्न लोण्यासारखं कशात होतं आणि ते करताना किती आवाज होतो, हे डॉक्टरांच्या घरी फक्त त्यांच्या बायकोला माहीत असावं.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की एखादी बाई ठेवू, दिवसभर बघेल. तो कुर्डुवाडीला नोकरीला, सकाळच्या गाडीनं जाणार ते दिवेलागणीला येणार. मी शाळेत. त्याचं काही चुकीचं नव्हतं. पण आत्याबाईंनी ऐकून घेतलं नाही.

"परक्या बाईच्या हातून ते घास घेणार न्हाईत. त्यांचं मीच बघणार. जमंना झालं की सांगते मी."

त्यांच्या 'जमंना झालं की' या शब्दांवर सगळं अडलेलं होतं. त्यांना जमत होतं तोवर मामा त्यांच्याजवळ राहणार होते, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

मामांची खाट मधल्या खोलीत होती. तिची भिंत आणि आमच्या ओट्याची भिंत एकच. पुढच्या खोलीत न्यावं तर रस्त्यावरनं मोटारसायकली आणि ट्रॅक्टर जायचे. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी आणि वरण मिक्सरमध्ये घातलं, बटण फिरवलं, आणि मधल्या खोलीतून पाणी सांडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. मामांचा तांब्या खाली पडला होता. ते अख्खे थरथरत होते. उजव्या हातानं त्यांनी उजवा कान झाकला होता आणि डावा कान उशीत दाबायची धडपड चालली होती. हात एकच चालत होता आणि कान दोन होते. मला ते बघवलं नाही. मी तांब्या उचलायचं सोडून माझ्या तळव्यानं त्यांचा दुसरा कान झाकून उभी राहिले. आत मिक्सर चालूच होता.

त्या रविवारपासून मी आवाजांच्या मागं लागले. नवरा म्हणाला, तू आता घरी पण शाळा भरवणार. भरवली. सगळ्यात आधी फ्रिज. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याचा एक पाय आखूड होता. पुढं ओढला, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, तेव्हा त्याची गुरगुर निम्म्यावर आली. तरी मधूनच एक झणझण यायची. ती फ्रिजची नव्हतीच. फ्रिजवर ठेवलेले स्टीलचे दोन डबे एकमेकांना टेकून वाजत होते आणि इतकी वर्षं आम्ही फ्रिजला शिव्या देत होतो. डबे खाली काढले. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या जाळीवर आणि पात्यांवर तेलाचा चिकटा साचून एक पातं जड झालं होतं. सोड्याच्या गरम पाण्यानं घासलं, सैल स्क्रू आवळले, फटफट थांबली. पाणी शुद्ध करायच्या मशीनची मोटर फरशीला चिकटून किरकिर करायची, तिच्यामागं रबराचा तुकडा सारला. भांड्यांच्या मांडणीवर जुनी चादर अंथरली. कुकरला वाफ धरली की गॅस कळीएवढा करायचा, म्हणजे शिट्टी न होता नुसती सूसू राहते, आणि घड्याळ बघून बंद करायचा, हे मी आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

मिक्सरनं मात्र नाकी नऊ आणले. आधी मी त्याला गोधडीत गुंडाळलं. आवाज कमी झाला खरा, पण तो आत उकडून निघाला आणि जळका वास सुटला. भांड्याच्या बुडाचं रबरी चाक झिजून त्याचे दात गेले होते, ते बदलून आणलं. खालचे पाय कडक पडले होते. मग गोणपाटाची जाड घडी घातली, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून ठेवली, त्यावर मिक्सर. हवेतून येणारा आवाज थोडाच होता. खरा आवाज ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून मामांच्या उशाशी जात होता. नवऱ्याला बटणाशी उभं करून मी मधल्या खोलीत गेले आणि खाटेमागच्या भिंतीला हात लावला. भिंत गप्प होती. मामांनी डोळे मिटले, पण हात कानाकडं गेला नाही. मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं झालं. नवऱ्याला म्हटलं, आता बाई ठेवायचं नाव काढू नका.

चार-आठ दिवस बरे गेले. मग आत्याबाईंचं काहीतरी बिनसलं. कुकरखालचा गॅस तसाच राहायचा आणि डाळ करपायची. आणि मिक्सर तर त्या एकेका वाटीसाठी सारखा चालू-बंद करायच्या. जरा फिरवायचा, झाकण काढायचं, बोटांवर चोळून बघायचं, परत फिरवायचा. चालणाऱ्या मिक्सरची मामांना सवय झाली असती, पण दर वेळी तो सुरू होताना ते दचकायचे. एवढं करून एकदा खिमटीत भाकरीची कणी राहिली. मामांना ठसका लागला, चेहरा काळानिळा झाला, पाठ चोळून चोळून कसाबसा तो उतरला. नवरा त्या संध्याकाळी जेवला नाही. म्हणाला, "आईला आता जमत नाहीये." आत्याबाई भांडी घासत होत्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

मला तेव्हा राग आला होता. वाटलं, यांना माझी व्यवस्था पसंत नाही म्हणून हे मुद्दाम चाललंय. स्वयंपाकघराला मालकीण एकच असते, आणि मी न विचारता ओट्याखाली गोणपाट सारलं होतं. सासवा-सुनांमध्ये याहून लहान कारणांवरनं अबोले झालेले आहेत.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटून मी लवकर आले. मामांना डोळा लागला होता. आत्याबाई ओट्याशी माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मी दारातून हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. जवळ जाऊन परत मारली, तरी नाही. त्यांनी मिक्सर लावला होता आणि पोट ओट्याच्या कडेला घट्ट लावून, डोळे मिटून त्या उभ्या होत्या. मी खांद्याला हात लावला तशा त्या अशा दचकल्या की वाटी हातातून सुटली. मग माझ्याकडं बघून, म्हणजे माझ्या ओठांकडं बघून म्हणाल्या, "काय म्हणलीस?"

हात लावल्यावर मी काहीच म्हटलं नव्हतं.

मी मिक्सर बंद केला आणि त्यांच्या पाठीमागं जाऊन हळू बोलले. मग मोठ्यानं बोलले. त्या खाली सांडलेलं पुसत राहिल्या. मला एकदम सगळं उलगडत गेलं. त्यांना कधीपासून ऐकू येत नव्हतं कोण जाणे. मामा जन्मभर ओरडून बोलायचे, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कदाचित त्यांच्याही नाही. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची, मी ती बंद केली. आणि मिक्सर त्या कानांनी कमी आणि अंगानं जास्त ऐकत होत्या. तव्यानं बोटांची कातडी मेलेली, त्यामुळं भांड्यावर हात ठेवून काही कळायचं नाही. पण ओट्याला पोट लावलं की कळायचं.

"दाणं भरडं असलं की ओटा खडखड हालतो," त्या खाली बसल्या बसल्या सांगायला लागल्या. "बारीक झालं की त्याची थरथर मऊ लागती. मग म्या बंद करायची. आता तू काय घातलंस खाली, ओटा मेल्यावानी पडलाय. काय कळंनाच झालंय मला."

मी डोक्याला हात लावला. भिंतीतून जी थरथर मामांच्या उशाला जात होती, तीच आत्याबाईंच्या पोटाला कळत होती. मी एकाची थांबवली आणि दुसरीची गेली.

"कानाच्या डॉक्टरकडं जाऊ आपण," मी तोंड समोर धरून सावकाश म्हटलं.

"जाऊ की. पर आत्ता न्हाय. आणि ह्याला सांगू नको." ह्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "बहिऱ्या बाईच्या हाती आजारी माणूस कोण ठेवंल? काढून घेतील गं त्यांना माझ्याकडनं. त्यांना तर मुळीच सांगू नको. एवढं ऐक माझं."

"पण मग त्यांचं बोलणं? ते बोलतात ते तुम्हाला कसं कळतं?"

"त्यांचं मला न ऐकताच कळतं," त्या म्हणाल्या. आणि मला ते लगेच पटलं. इतक्या वर्षांच्या संसाराबद्दल आपल्याला असं काहीतरी ऐकायचंच असतं.

मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याऐवजी आणखी एकदा शाळा भरवली. मिक्सर ओट्यावरनं खाली आणला. जेवायचा जुना लाकडी पाट घेतला, भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध, फरशीवर गोणपाट घालून त्यावर ठेवला. पाटावर मिक्सर. आता पाट हलला तरी ओटा हलणार नव्हता आणि भिंतही नाही. आत्याबाईंना म्हटलं, "पाटा-वरवंट्याला बसता तसं बसा, आणि गुडघा पाटाला लावा." त्या बसल्या. बटण फिरवलं. सुरुवातीला चेहरा कोराच राहिला. मग त्यांनी गुडघा जरा सरकवला, मान एका बाजूला केली आणि थांबल्या. मी बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी आपणहून बटण बंद केलं, झाकण काढलं, वाटी माझ्यापुढं धरली. लोण्यासारखं झालं होतं. एका दमात. आत मामा दचकले होते ते एकदाच.

"शाळंचा उपेग झाला म्हणायचा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्या नोकरीचं झालेलं हे एकमेव कौतुक.

त्यानंतर घर खरोखर शांत झालं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी घरीच असायचे. दुपारी बाहेर कुत्रं सुद्धा भुंकायचं नाही. मी ओट्याशी बसून ज्वारी निवडायचे आणि भिंतीपलीकडून मामांचं बोलणं ऐकू यायचं. आधीच्या गोंगाटात ते कुणाच्या कानावर आलं नसतं. घर शांत झालं म्हणून ते बोलायला लागले की बोलत होतेच आणि आता ऐकू यायला लागलं, मला सांगता येणार नाही. पण दिवसेंदिवस ते जास्त बोलायला लागले. तासतासभर. आवाज चढायचा, उतरायचा. कधी कुणाला तरी विचारल्यासारखा, कधी समजूत घातल्यासारखा. मध्येच हसल्यासारखं काहीतरी व्हायचं. एकदा ते रडत होते. शब्द मात्र एक लागायचा नाही. मी सुरुवातीला कान देऊन बघितलं, मग सोडून दिलं. नवरा-बायकोचं बोलणं आहे, आपण कशाला त्यात, असंही वाटायचं. आणि त्यांच्याजवळ खाटेच्या कडेला बसून आत्याबाई मधूनमधून म्हणायच्या, "व्हय." "व्हय की." "न्हाय तर काय." अगदी जागच्या जागी.

नवरा रविवारी घरी असला की तोही ऐकायचा. डोळे भरून यायचे त्याचे. पाहुणे भेटायला आले, काही बोलायला गेले, मामा त्यांना हवा आणि लाळेत काहीतरी उत्तर द्यायचे आणि सगळे आत्याबाईंकडं बघायचे. आत्याबाई म्हणायच्या, "बरं वाटलं म्हणत्यात, तुमी आलात ते." पाहुणे बाहेर पडताना सांगायचे, त्या माउलीलाच तेवढं त्यांचं कळतं. आम्हीही सगळ्यांना तेच सांगायचो. जरा अभिमानानंच सांगायचो.

शाळा उघडायच्या सुमारास मामा गेले. छातीत कफ झाला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले आता हलवून उपयोग नाही. शेवटच्या दोन दिवसांत ते फार बोलत होते. आत्याबाईंचा हात धरून, त्यांच्या चेहऱ्याकडं बघत, थकेपर्यंत. आत्याबाई वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन व्हय व्हय करत होत्या. मग बोलणं थांबलं आणि थोड्या वेळानं श्वासही. ज्यासाठी आत्याबाईंनी सगळं सोसलं होतं तेवढं त्यांना मिळालं. शेवटचा चमचाही त्यांच्याच हातचा.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. नवरा परत कुर्डुवाडीच्या गाडीला लागला. मी एक दिवस रजा वाढवून घेतली होती. दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसलो होतो. फ्रिज एवढा हळू चालत होता की चालू आहे का हे हात लावून बघावं लागायचं. आत्याबाई शेंगा फोडायच्या थांबल्या. सरकून अगदी माझ्यासमोर आल्या, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशा.

"एक इचारू? रागावू नको."

"विचारा."

"ते दुपारचं काय बोलायचं गं?"

मला वाटलं, त्या गंमत करतायत. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत, आत्याबाई. तुमच्याशीच बोलायचे ना."

"मला कुठलं कळायला. अर्धं तोंड हालत न्हवतं त्यांचं, ओठ तरी कसं वाचू? मी आपली त्यांचं डोळं बघून व्हय म्हणायची." हातातली शेंग त्यांनी टोपलीत परत ठेवली. "तू असायचीस की हितं. भिंतीला लागून. मी जिवाला म्हणायची, हिला ऐकू जातंय. काय मोठं असलं, काय निरोप असला, तर ही सांगंलच मला. म्हणून तर मी निवांत बसायची."

भिंतीच्या अलीकडं बसून मी म्हणत होते, यांना कळतंय. पलीकडं बसून त्या म्हणत होत्या, हिला कळतंय. आणि एक माणूस दिवसचे दिवस बोलत होता.

"मलाही नाही कळलं," मी म्हटलं. ओठ धड हलले नसावेत, कारण त्यांनी कपाळाला आठी घालून विचारलं, "काय?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि परत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. मला नाही कळलं. त्यांच्या लेकालाही नाही.

"एक सबूद बी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग कुणालाच न्हाय?"

त्या तशाच, माझे हात न सोडता, माझ्या ओठांकडं बघत बसल्या. मी अजून काहीतरी सांगेन म्हणून.